चाकांची झाकणं

रामघाटावरच्या ढुंढिराज घनपाठींनी आजवर हजारो पूजा सांगितल्या, पण पूजा संपते न संपते तोच यजमानाने वाहिलेला हार काढून घेतल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आणि यजमान कोण, तर त्यांचीच पोटची पोर!

"बाबा, हार इथे नको. वारा अडतो," असं म्हणत कस्तुरीने गाडीच्या नाकावरचा झेंडूचा हार सरळ त्यांच्याच हातात ठेवला.

शहराबाहेरच्या एका कॉलेजात ती इंजिनिअरिंग शिकवायची. बॅटरीवर चालणारी ही बुटकी गाडी तिने विद्यार्थ्यांना हाताशी धरून बांधली होती. पुढच्या महिन्यात कॉलेजांची शर्यत होती, पण वेगाची नव्हे. थोडक्या विजेत जो जास्त लांब जाईल, तो जिंकणार.

वारा म्हणजे कस्तुरीचा जन्माचा वैरी. "लोकांना वाटतं, वारा नुसता गाडीच्या तोंडावर आदळतो," ती जेवताना भात कालवत सांगायची. "पण चाकंही कमी खोडकर नसतात, बाबा. रवीने ताक घुसळावं तशी ती हवा घुसळतात, आणि ते घुसळणं गाडीला मागे ओढतं." म्हणून तिने चाकांच्या आऱ्यांवर गुळगुळीत, सपाट झाकणं बसवली होती आणि प्रत्येक चाकाच्या पुढे एक छोटी पट्टी लावली होती, म्हणजे हवा चाकात न शिरता बाजूने निघून जाईल.

कॉलेजात सगळे हिंदी बोलणारे; त्या झाकणांना ते 'थाली' म्हणून हसायचे. डायरेक्टरांनी तर बजावूनच सांगितलं होतं की आज सगळ्यांसमोर चाचणी होईल. फरक दिसला तर झाकणं राहतील, नाहीतर उतरवायची, उगाच वजन कशाला? दोन वर्षं पोरीने रविवार पाहिला नव्हता. आता आज दुपारी निकाल. ढुंढिराजांनी बापाच्या मायेने संकल्पात 'चक्रावरणसिद्ध्यर्थम्', म्हणजे चाकांच्या झाकणांना यश यावं म्हणून, असा एक शब्द हळूच घुसवून दिला होता. देवाला काय कळायचं ते कळू दे.

चाचणी सोपी होती. रुची नावाची किडकिडीत विद्यार्थिनी गाडी चालवणार, ठरावीक वेग आला की मोटर बंद करणार, आणि गाडी आपोआप जिथे थांबेल तिथे रस्त्यावर चुन्याची रेघ. आधी झाकणांशिवाय, मग झाकणं लावून.

झाकणं लावलेली गाडी पहिल्या रेघेच्या कितीतरी पुढे जाऊन थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. डायरेक्टर उठून उभे राहिले. ढुंढिराजांनी हातातल्या हारासकट टाळ्या पिटल्या, चार फुलं कुस्करली.

कस्तुरी मात्र वारा कळावा म्हणून रस्त्याकडेच्या काठीला बांधलेल्या फितीकडे पाहत होती. मघाशी लोंबणारी फीत आता पश्चिमेच्या वाऱ्याने फडफडत होती.

"पछुआ चल पड़ी है," ती म्हणाली. "हवा पीछे से धकेल रही थी. उल्टी दिशा से फिर करेंगे."

"मैडम, ताली बज चुकी है," डायरेक्टर म्हणाले.

"तो वापस ले लीजिए, सर."

ढुंढिराज खुर्चीत पुढे सरकले. अगं, पदरात पडलंय ते घे की मुकाट्याने! त्यांनी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण ती कसली ऐकतेय? गाडी वळवली, वाऱ्याच्या तोंडावर सोडली, आणि ती अगदीच अलीकडे थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, "थाली उतारो!"

कस्तुरीने खरंच झाकणं उतरवली. गाडी सरळ सोडली, उलट सोडली. पुन्हा झाकणं चढवली. पुन्हा सरळ, पुन्हा उलट. मुलं घामाघूम झाली, डायरेक्टरांचा दुसरा चहा झाला, आणि ढुंढिराज एकाएकी खुर्चीत ताठ बसले.

एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक. हा तर घन! वेदाचे शब्द सरळ म्हणायचे, उलट म्हणायचे, पुन्हा सरळ म्हणायचे, म्हणजे एक अक्षरही जागचं हललेलं नाही याची खात्री होते. पाठशाळेतल्या पोरांच्या कानीकपाळी ओरडून त्यांचा घसा बसला होता. कस्तुरीला हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, भिंतीपलीकडून कानावर पडलं असेल तेवढंच. आणि इथे ही पोर, कुणी मागत नसताना, मिळालेल्या टाळ्या परत करून तेच करत होती. डोळे पुसायला हाताशी उपरणं होतं म्हणून बरं.

शेवटची रेघ पडली. पहिल्या फेरीतला तो मोठा फरक बहुतेक वाऱ्याचाच होता. पण दिशा कुठलीही असो, झाकणं लावलेली गाडी दर वेळी चार-पाच हात पुढेच गेली होती. एकदाही मागे पडली नव्हती.

"बस, इतना ही?" डायरेक्टरांनी विचारलं.

"इतना ही, सर. पर ये हवा का नहीं, हमारा है."

डायरेक्टर त्या रेघांवरून एकदा चालत गेले आणि तसेच परत आले. "लगी रहने दो," ते म्हणाले. मुलांनी रुचीला गाडीसकट उचलायचंच बाकी ठेवलं.

पेढे वाटले गेले. डायरेक्टर ढुंढिराजांच्या शेजारी येऊन बसले आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी विचारलं, "पंडितजी, आपके बाद ये विद्या कौन सँभालेगा? बेटा है कोई?"

हा प्रश्न घाटावर येणारा जाणारा प्रत्येकजण विचारायचा, आणि दर वेळी ढुंढिराज मान खाली घालून विषय बदलायचे. आज त्यांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश संपवला आणि रस्त्याकडे बोट केलं.

"बेटी है," ते म्हणाले. "वो रही, पहिये के पास लेटी है."