राखीव काम, गणवेशाचं

सानगडीजवळच्या आमच्या गावात समाजमंदिराच्या खोलीत आम्ही अकरा बायका शिवणकाम करायचो. ब्लाउज, परकर, बाजाराच्या पिशव्या. गटाची अध्यक्ष मी, कारण बारावीपर्यंत शिकलेली मीच.

एक दिवस कळलं, शाळांचे गणवेश शिवायचं काम महिला बचत गटांसाठी राखीव ठेवलंय. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना आम्ही मोठी माय म्हणायचो. त्यांनी विचारलं, "राखीव म्हंजे आपलंच ना वं?" मी हो म्हणाले. त्यांनी दोन दिवस बसून नमुन्याचा शर्ट शिवला. कॉलर इतकी नेटकी, की मी तो घडी न मोडता भंडाऱ्याच्या कार्यालयात नेला.

तिथल्या बाबूंनी खुर्ची दिली, कागद नीट पाहिले. शर्टाकडे मात्र पाहिलं नाही.

"बाई, सरकारी पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव पाहिजे."

"काम भेटल्याबिगर अनुभव कुठून आणू जी?"

"मले समजते. पण अट वरून आली. मी काय करू?"

ते खरंच ओशाळले होते. उर्मटपणे बोलले असते तर मी भांडले तरी असते.

महिन्याभराने यादी लागली. काम कारध्याच्या एका गटाला मिळालं होतं. अध्यक्ष म्हणून नाव वाचलं आणि थबकले. माझ्या माहेरची, एका बाकावर बसलेली मैत्रीण! थोडं काम आम्हालाही मागावं म्हणून तिच्या घरी गेले. ती अंगणात भांडी घासत होती.

"कायचा गट वं?" ती म्हणाली. "भासऱ्यानं कागदावर सही मागतली, मी देल्ली."

तिचा भासरा, म्हणजे मोठा दीर, ठेकेदार होता; तीन वर्षांचा अनुभवही त्यानेच कागदावर दाखवला असणार. तिने आयुष्यात शिलाई मशीनला हात लावला नव्हता. माझा चेहरा पाहून ती घाबरली. "काई गडबड झाली का? मले पकडून नेतीन का?"

"नाही गं," मी म्हणाले आणि चहा पिऊन परत आले.

तक्रारीचा अर्ज मी लिहायला घेतला होता. पण सही तिची होती. अडकली असती तीच. अर्ज अर्धाच राहिला.

मग त्याच ठेकेदाराचा टेम्पो आमच्या दारात आला. कापड कापून आलेलं, नुसतं शिवून द्यायचं. मी नको म्हणत होते. मोठी माय म्हणाल्या, "दुसरं काम कोणतं येऊन रायलं आपल्याकडे?" बायकांनी गठ्ठे उतरवून घेतले. बाह्या आखूड कापल्यात हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. फोन केला तर उत्तर मिळालं, "जसं हाये तसं शिवा." आम्ही शिवलं. कॉलरच्या आत त्या गटाच्या नावाची पट्टीही आम्हीच लावली.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला गेले. गुरुजींनी पोरांना हात वर करायला लावले, तर बाह्या पार खांद्याकडे सरकल्या. "शिवणाऱ्या बायकांना माप कळत नाही," शेजारी कोणीतरी म्हणालं. मोठी माय माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

पुढच्या पावसाळ्यात गटातल्या चौघी मजुरीने भाताच्या रोवणीला जायला लागल्या. मी अडवलं नाही.