बेबीच्या अंगात देवी येत नव्हती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, माय होती तोवर मायपाशीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. पण आधी जरा चिडू द्या. चिडल्याशिवाय मला इथवर येताच येत नाही — आणि लोकांवर चिडणं सोपं असतं.

बेबी माझी धाकटी बहीण. वयात आल्यापासून तिला मिरगीचे झटके येत. आमच्या कुहीकडच्या गावात त्यावर इलाज एकच — चप्पल हुंगवायची! पोरगी जमिनीवर तडफडते आहे, तोंडाला फेस आला आहे, आणि कुणीतरी धावत येऊन शेणामातीत फिरलेली चप्पल तिच्या नाकाला लावतो. झटका काय, आपसूक थांबणारच. श्रेय मात्र चपलेला. शुद्धीवर येणाऱ्या माणसानं डोळे उघडून पहिल्यांदा काय पाहावं — चपलेचा तळ? आणि हे करणारी माणसं दुष्ट नव्हती हो. मायेनं करत. त्याचाच मला जास्त संताप येतो.

मला नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकुनी मिळाली. एक खोली भाड्यानं घेतली, मायला आणि बेबीला घेऊन आलो, आणि बेबीला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं मला समोर बसवून सांगितलं — हा मेंदूचा आजार आहे, भूतबाधा नाही, वेड नाही. मुलगी शहाणी आहे. गोळ्या रोज द्यायच्या. एकाएकी बंद केल्या तर पूर्वीपेक्षा वाईट होईल. आणि झटक्यामागून झटका येत राहिला तर वाट पाहायची नाही, उचलून आणायचं. साध्या मराठीत सांगितलं. मला सगळं कळलं. हे लक्षात ठेवा — मला कळलं होतं.

गोळ्यांनी झटके थांबले. बेबी शेजारणीकडे शिवणकाम शिकायला लागली, शेजारपाजारच्यांच्या नकला करून मायला हसवायला लागली. मग माझं लग्न ठरत आलं. रामटेककडचे लोक घर पाहायला आले. त्या गडबडीत गोळ्या संपल्या होत्या, मी आणायला विसरलो होतो. बेबी आलूपोह्यांच्या बशा घेऊन आली आणि पाहुण्यांसमोर कोसळली.

नवरीच्या मामानं चप्पल हातात घेतली. वाकला आणि तसाच थांबून माझ्याकडे पाहत म्हणाला, "मिरगी आहे का गा पोरीले?"

तुम्हाला ठाऊक आहे, या प्रश्नाचा अर्थ काय होतो. ज्या घरात मिरगी, त्या घरात पोरगी देत नाहीत. लग्नाच्या कायद्यानंसुद्धा बरीच वर्षं मिरगीला वेडाच्याच पंगतीला बसवलं होतं, मग तेव्हाच्या मामाला काय बोल लावायचा? पण मी — मी काय बोललो?

"नाही जी. देवी येते तिच्या अंगात."

मामानं चप्पल टाकली. कान धरले, बेबीच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या होणाऱ्या सासूनं कुंकू मागितलं. पोरगी तीच, झटका तोच, फेसही तोच! एका शब्दानं चपलेचं कुंकू झालं. आणि त्या दोन्हींच्या मध्ये एका पांढऱ्या गोळीला कुठेच जागा नव्हती. निघताना सासूबाई मायला बजावून गेल्या, "दवा-गिवा नका देऊ हो, देवी कोपते."

लग्न झालं. एका खोलीत लपवणार काय आणि कुठे? बायकोच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी गोळ्या आणणंच बंद केलं. माय एकदाच म्हणाली, "राहू दे बापू. आता तिले कोनी चप्पल तं नाही हुंगवत."

झटके परतले, आणि बाया ओटी घेऊन यायला लागल्या. कुणाची बकरी हरवली, कुणाचा पोरगा मॅट्रिकला बसलेला. बेबी मला हसत म्हणाली, "त्याईले सांग, देवी चौथी नापास हाय!" एकदा झटक्यातून बाहेर येताना ती कशीबशी "पानी" म्हणाली. तहान लागली होती तिला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं — पाणी येणार, यंदा पेरा चांगला होणार! पावसाचा अंदाज निघाला, पण पेलाभर पाणी कुणी दिलं नाही. तुम्ही हसाल. मीही तेव्हा हसलो होतो.

बेबीचं हसू पुढे आटलं. एक दिवस मला दाराबाहेर गाठून म्हणाली, "भाऊ, माह्या अंगात काहीच येत नाही गा. मंग डोकं नुसतं ठणकते. गोळ्या आन ना." मी म्हणालो, आणतो. आणल्या नाहीत.

नवरात्रात आमच्या खोलीत माणूस मावत नव्हता. सासुरवाडीचे सगळे आले होते. दुपारी बेबीला झटका आला. थांबला, तोच दुसरा. मग तिसरा. बाया आरती म्हणत होत्या, टाळ्या वाजत होत्या, कापूर जळत होता, आणि जितकी ती तडफडे तितका सासूबाईंचा आवाज चढे — देवी प्रसन्न आहे! बाहेर रस्त्यावर ट्रक उभे होते. सगळे ड्रायव्हर ओळखीचे. एकाला हाक मारली असती तर...

मी हात जोडून उभा होतो. सगळ्यांसारखा.

ती निळी पडली तेव्हा नेलं. जगली. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बायकोला आजही वाटतं, आरतीत काही चुकलं म्हणून देवी कोपली. मी दुरुस्त केलेलं नाही.

पण सांगायचं होतं ते हे नाही. इथवरचं सगळं मी मनात अनेकदा बोललो आहे; लोकांच्या अडाणीपणावर ढकलता येतं ते. पुढचं ढकलता येत नाही.

दवाखान्यात तोच डॉक्टर होता. माय बाहेर बाकावर होती. बेबी शुद्धीवर आली होती, सगळं ऐकत होती. त्यानं विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

मी म्हणालो, "तिनंच, साहेब. किती सांगितलं, ऐकतच नाही."

डॉक्टर संतापला. माझ्यावर नाही — तिच्यावर. "घरात शिकलेला भाऊ आहे, तुझ्यासाठी एवढी धडपड करतो, त्याचं तरी ऐकायचं होतंस!" तो बराच वेळ तिला बोलत राहिला. बेबीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मला भीती वाटली, शब्द फुटतो की काय. नाही फुटला. आणि मला — जसं होतं तसंच लिहितो — मला हायसं वाटलं.

त्यानंतर ती बरीच वर्षं आमच्याकडे होती. ऐकू सगळं यायचं. बायको घरात नसली की आल्यागेल्याला मी बेबीसमोरच सांगायचो, गोळ्या घ्यायची नाही हो, हट्टी होती. ती भिंतीकडे तोंड करायची.

गोळ्या मी बंद केल्या होत्या.