हिंगाच्या डबीतल्या गोळ्या

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्या गोष्टी लोक चवीने ऐकतात आणि मीही सांगतो. ही मात्र घरातसुद्धा कधी काढली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी नेमणूक शिरूर तालुक्यात होती. एका सकाळी कारेगावची एक बाई खबर घेऊन ठाण्यात आली. शेजारची नवी सून सासूला विष घालते, असं तिचं म्हणणं.

"साहेब, म्हातारीला दरदरून घाम फुटतो, हातपाय कापत्यात. दोनदा चुलीपाशी पडली. आन् ही सून हिंगाच्या डबीतनं पांढऱ्या गोळ्या काढती. माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्या."

स्टेशन डायरीला नोंद घेतली, दोन पंच बरोबर घेतले आणि घर गाठलं. डबीत खरोखरच गोळ्या निघाल्या. नुसत्या कागदात गुंडाळलेल्या, ना पाकीट ना नाव. पंचनामा केला, डबी सील करून मुद्देमालात जमा केली आणि सुनेला दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावलं.

मुलगी दौंडकडची. लग्नाला चार-सहा महिने झालेले. बाजूच्या बाकावर नवरा, सासू, सासरा. महिला कॉन्स्टेबल शेजारी उभी.

"गोळ्या कसल्या?" "कुणी दिल्या?" मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ती फक्त एकदा बाकाकडे बघायची आणि पुन्हा मान खाली. मला वाटलं, मुरलेली दिसते. अट्टल चोरसुद्धा काहीतरी थाप मारतो. ही साधी थापही मारत नव्हती, हे मला खटकायला हवं होतं.

दुपार टळल्यावर तिने तोंड उघडलं. "साहेब, त्यातली एक गोळी मला द्या. ईख न्हाई ते. तुमच्यासमोर खाऊन दावते."

"वा! आणि तुझं काही बरंवाईट झालं म्हणजे आमची वर्दी उतरली," मी म्हणालो. सील केलेला मुद्देमाल असा कुणाला खायला देता येत नाही. कुठल्याही अधिकाऱ्याने हेच उत्तर दिलं असतं.

थोड्या वेळाने ती बसल्या जागेवरून खाली कोसळली. डोळे पांढरे, दात घट्ट, सगळं अंग ताडताड उडायला लागलं. एकच गोंधळ! हवालदाराने चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. कुणी कांदा फोडून आणला, कुणी दातांत चमचा घातला, त्याने ओठ फाटला. तिची साडी ओली झाली. भर ठाण्यात, सासऱ्यासमोर. महिला कॉन्स्टेबलने टेबलावरचं कापड ओढून तिच्यावर टाकलं. आम्ही पुरुषमाणसं नुसती बघत उभी.

जीपमध्ये घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावर कडाडले, "चप्पल हुंगवून फिट थांबते का हो? कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. आणि रोजची गोळी एकदम तुटली की असंच होतं. हिची गोळी कुणी बंद केली?"

मी बंद केली होती. मुद्देमाल म्हणून.

शुद्धीवर आल्यावर तिने डॉक्टरांना एकट्यांनाच सगळं सांगितलं. लहानपणापासून फिट यायच्या. गोळीने पार थांबल्या होत्या. लग्न ठरलं तेव्हा आईने पाकिटं चुलीत घातली आणि गोळ्या हिंगाच्या डबीत भरल्या. सासरी फोडणी नव्या सुनेनेच घालायची, हिंग तिच्याशिवाय कोण काढणार?

मग सासूचं काय? ती तिथेच घामाघूम होऊन बसली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर साखर पार खाली गेलेली. "आजी, कसली गोळी खाता?" म्हातारीने कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. "अशक्तपना आलता. शेजारनीनं दिली. तिला लई गुण आलाय म्हनं." गोळी मधुमेहाची होती, आणि म्हातारीला मधुमेह नव्हताच. ती शेजारीण म्हणजे आमची खबर देणारी बाई. बोलावल्यावर तिने कपाळावर हात मारला. "अगं बया! मी भल्यासाठीच दिली व्हती, पोरांची शपथ." ती खोटं बोलत नव्हती.

गुन्हा नाही, आरोपी नाही. प्रकरण मिटलं म्हणून मी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात सुनेने मला खाटेजवळ बोलावलं.

"साहेब, कागदावर काय लिवलं? मला फिट येती, असं?"

"खरं तेच लिहावं लागतं."

"त्यापरीस ईखच राहू द्यायचं व्हतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर सासरा ओरडत होता, "फसवलं आमाला!" नवरा जमिनीकडे बघत उभा. म्हातारी तेवढी म्हणाली, "आरं, पोर गुणाची हाय." तिचं कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी मुलीचा बाप एस.टी.ने आला. मुलगी माहेरी जाणार, हे तोवर ठरलंच होतं.

आता एक सांगतो, ते लक्षात ठेवा. दुसऱ्याला गुण आलेली गोळी आपण खाऊ नये, आपली कुणाला देऊ नये. गोळ्या पाकिटातच ठेवाव्यात. फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नये. एवढं त्या घरात कुणाला ठाऊक असतं तर मी तिथे गेलोच नसतो.

पण मान खाली जाते ती यामुळे नाही. निघताना त्या बापाला मी शहाणपण शिकवायला गेलो. "आप्पा, लग्नाआधी सांगून टाकायचं होतं. लपवलंत म्हणून ही वेळ आली."

त्याने मुलीच्या पिशवीची गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुमास्नी मुलगा हाय?"

"आहे. लग्नाचाच आहे."

"मग म्या सांगितलं असतं, पोरीला फिट येती, गोळीनं बरी ऱ्हाती. केली असती सून?"

नोकरीत हजारो माणसांना मी उत्तर द्यायला लावलं. तिथे मात्र मी ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली.