घाटातलं लिंबू

ताजं लिंबू हुंगलं की मला चिल्फीचा घाट आठवतो. नवी गाडी घेऊन बाबा आम्हाला रायपूरहून डोंगर दाखवायला निघाले होते. घाट लागताच आईनं आम्हा भावंडांच्या हातात एकेक लिंबू दिलं. "हुंगत राहा अन् डोळे मिटून बसा, नाहीतर ओकारी येईन." तिनंही डोळे मिटले. दर वळणावर बाबा ओरडत, "अरे, दरी पाहा ना!" कुणी पाहिली नाही. वर पोचल्यावर थोडं चालत माथ्यावर गेलो. खालचा वळणावळणांचा रस्ता पाहून आई हरखलीच. "अजी, किती सुंदर रस्ता आहे तो! आपण तिकडून काहून नाही आलो?" बाबा तडक गाडीकडे चालू लागले. परवा त्याच घाटात, आई अन् माझी पोरं मागं बसलेली असताना, मी ओरडलो, "अरे, दरी पाहा ना!" मागून फक्त लिंबाचा वास आला.