दाराजवळची खिडकी

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, नौदलाच्या विमानतळावर पत्राकाम करायचा. फाटका पत्रा कापायचा, नवा बसवायचा, रिव्हेट ठोकायचे. त्याच्या वाट्याला आलेलं विमान म्हणजे चार पंख्यांचं एक जुनं धूड. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालून पाणबुड्या शोधणं हे त्या विमानाचं काम. चाल इतकी सुस्त, की तळावरची मंडळी त्याला म्हैसच म्हणायची.

त्याच म्हशीत आमचा मधला भाऊ टेहळणीला बसायचा. डाव्या अंगाला बाहेर फुगलेली एक काचेची खिडकी होती, तिच्यात डोकं घालून तो खालचं पाणी न्याहाळायचा. दादा त्याला चिडवायचा, "खिडकीत बसायचा पगार मिळतो रे तुला?"

"तू ठोकलेल्या पत्र्यावर भरवसा ठेवून बसतो, त्याचा मिळतो," मधला म्हणायचा.

एके दिवशी मधल्याला घेऊन म्हैस गेली ती परत आलीच नाही. विमानाचा साधा स्क्रूसुद्धा हाती लागला नाही. चौकशी झाली, दादाच्या कामात खोट नव्हती असं ठरलं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, पण त्याला ते पुरलं नाही. आईने मधल्याचे होते नव्हते ते फोटो ट्रंकेत टाकले. भिंतीवर लावला की गेला असं होईल, म्हणाली. पुढे आईही गेली. ट्रंक उघडायला आमच्यापैकी कुणाचा हात धजला नाही.

दुसरा कुणी दारूला लागला असता. दादा मॉडेलांना लागला. त्या विमानाचं प्लास्टिकचं किट आणायचा, पण डब्यावरच्या चित्रासारखं एकही केलं नाही त्याने. म्हैस पाण्यावर उतरू शकली असती तर? मग तिला होडीसारखं पोट. टाकी मोठी असती तर? मग पंखांखाली दोन फुगीर टाक्या. एक इंजिन बंद पडलं असेल, म्हणून शेपटीत पाचवं इंजिन. आणि त्यातही शिस्त होती बरं का. शेपूट जड झाली की नाकात शिसं भरायचं, नाहीतर मॉडेल ढुंगणावर बसतं. नुसती कल्पना चालायची नाही, ते विमान उडायला हवं.

असली न झालेली विमानं करणाऱ्यांचं एक मंडळही होतं. ते लोक हौसेने करायचे. कुणी म्हशीला भलत्याच देशाचे रंग द्यायचा, कुणी तिला बर्फावर उतरवायचा. दादा त्यांच्यात बसून हसायचा. मला ते हसू बघवत नसे. बाकीच्यांना विमानं हवी होती. दादाला एकच विमान हवं होतं, ज्यातून मधला बाहेर पडू शकला असता.

म्हणून प्रत्येक मॉडेलात ती फुगीर खिडकी जराशी मागे, दाराकडे सरकायची. जुनं भोक पुट्टीने बुजवायचं, घासायचं, शेजारी नवं पाडायचं. वहिनी म्हणायची, "आम्ही दोघं या घरात भाड्याने राहतो, मालक ती म्हैस आहे." मी मात्र एकदा चिडले. म्हटलं, "दादा, डब्यावरच्यासारखं एक तरी कर."

"ते बुडालं ना," तो म्हणाला.

मग संग्रहालयाला तसलंच एक विमान मिळालं. कुणीतरी त्याचं मालवाहू विमान करून टाकलं होतं. खिडक्यांवर पत्रे मारलेले, वरून जाड रंग, आतून अस्तर. ते पुन्हा मूळ रूपात आणायचं होतं. जुन्या कामगारांपैकी हिंडता-फिरता उरलेला दादा एकटाच, म्हणून त्यालाच बोलावणं आलं. मी सोबत गेले. किती वर्षांनी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तिथली इंजिनीअर मुलगी अदबीने वागत होती. फुगीर खिडकी कुठे होती ते दाखवायला दादाने खडू घेतला आणि पत्रा चाचपूनही न बघता दाराच्या लगेच पुढे गोल काढला.

"काका, नक्की ना? आतलं अस्तर अजून काढलेलं नाही. थांबू या का?"

"मी या म्हशीची कातडी शिवली आहे, पोरी. काप."

त्यांनी कापलं. काही दिवसांनी अस्तर निघालं आणि तिने फोन केला. आम्ही गेलो. जुन्या खिडकीची जाड गोल चौकट आत तशीच होती, पार पुढे, वैमानिकांच्या पाठीमागे. पंखाची जाडजूड तुळई विमानाच्या पोटातून आडवी जाते. खिडकी तिच्या अलीकडे होती आणि दार पलीकडे, दूर मागे.

"होतं असं, काका. आम्ही पत्रा बसवून टाकू," ती म्हणाली. त्या पोरीने एका शब्दाने दुखावलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

दादा त्या चौकटीपाशी जाऊन बसला. मग उठला आणि दाराकडे निघाला. तुळईवर पाय टाकताना वाकावं लागत होतं, धरायला काही नव्हतं. तो अडखळला, पलीकडे गेला, परत आला, पुन्हा बसला, पुन्हा निघाला. त्याच्या नडगीतून रक्त यायला लागलं. मी त्याला आवरलं नाही. शेवटी तो तुळईवरच बसला. "आत पाणी भरत असताना इथून नाही निघता येत," म्हणाला. "मला हे ठाऊक होतं गं. रोज ओलांडायचो मी ही तुळई. मग विसरलो कसा?"

घरी आल्यावर वहिनीने पायाला पट्टी बांधली. दादा टेबलाशी बसला. त्याने एक नवं किट उघडलं, चित्राचा डबा समोर ठेवला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "आता होतं तसंच करतो." सुट्या भागांतून त्याने खिडकीत बसवायचा इवलासा माणूस उचलला. तो बोटांत धरून त्याने मला जवळ बोलावलं.

"मधल्याला मिशी होती ना गं? थोडी पिकलेली?"

मधला गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला मिशी फुटायची नाही धड, त्यावरून आम्ही त्याला रडवायचो. खोटं बोलावं असं मनात आलं, पण दादा माझ्या तोंडाकडे असा बघत होता की जमलं नाही.

"नव्हती, दादा," मी म्हटलं. "कधीच नव्हती."

त्याने मान हलवली. फळीवरच्या सगळ्या विमानांवरून त्याची नजर सावकाश फिरली.

"मग इतकी वर्षं मी कुणाला बाहेर काढत होतो?" त्याने विचारलं.