गुरूचे पट्टे आणि सरांचा हात

माझ्या फजितीचे किस्से तुम्ही ऐकले असतीलच — दुर्बिणीचं झाकण न काढता चंद्र शोधत बसलो तो, समोरच्या गच्चीवरच्या दिव्याला शुक्र म्हणालो तो. ते मी चहाबरोबर फुकट वाटतो. हा एक मात्र कायम गाळत आलो. बायकोलासुद्धा माहीत नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दामले सर राहतात, निवृत्त शिक्षक. त्यांनी दोन वर्षं पार्किंगमध्ये एका पिंपावर काच ठेवून, त्याभोवती गोल फिरत दुर्बिणीचा आरसा हाताने घासला. काचेवर चकाकीचा मुलामा चढवण्याआधी मला म्हणाले, "अहो, तुम्ही सॉफ्टवेअरवाले. फोटो काढून बघा. दोष असेल तर स्पष्ट सांगा, आणखी सहा महिने घासीन. मला कुठे ऑफिस गाठायचंय?"

दोष होता. फोटोत गुरू ग्रह म्हणजे पिठल्याचा डाग! मग सांगायचं ना? पण — मी नुकताच एक प्रोग्रॅम लिहिला होता. एखाद्या ताऱ्याचा ठिपका फोटोत किती फिसकटलाय ते तो मोजतो आणि तेवढा धूसरपणा बाकीच्या फोटोतून काढून टाकतो. काढला. गुरूचे पट्टे लख्ख! स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की मूळ फोटो दाखवलाच नाही. सरांचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "आरसा एक नंबर, सर."

इथवर नुसती थाप. पुढचं — पुढचं वाईट आहे.

मुलामा चढला. सरांनी स्वतः आरसा नळीत बसवला, मंडळी गच्चीवर जमली. डोळा आणि आरसा यांच्यामध्ये प्रोग्रॅम कुठला? पहिल्याच गृहस्थांनी विचारलं, "सर, हा गुरू की उकडलेला बटाटा?" सगळे हसले. सर माझ्याकडे वळले. "अहो, तुमच्या फोटोत पट्टे होते ना?"

'फोटो मी सुधारला होता' — एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणालो? "बसवताना तुमचा हात थरथरला असेल, सर. काच एकदा दबली की कायमची वाकते."

असं काही नसतं. आणि त्यांचा हात थरथरत नव्हता. त्यांनी तो पुढे धरून पाहिला — सगळ्यांसमोर, बराच वेळ.

त्यानंतर त्यांनी काच हातात घेतली नाही. मी दिलेला गुरूचा फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. आल्यागेल्याला सांगतात, "आरसा असा होता. मीच घालवला." चहाचा कप हल्ली दोन्ही हातांनी धरतात.

दर रविवारी मी त्याच फोटोखाली बसतो. सर सांगत असतात. मी चहा पितो.