तिसऱ्या रकान्यातली चार नावं

बाळांनो, परवा तुम्ही तुमच्या चाचणीचा रंगीत तक्ता फोनवर पाठवलात. हिरवे चौकोन तुम्ही मोठ्या आवाजात वाचून दाखवलेत. गणिताच्या कोपऱ्यात एक लाल चौकोन होता, त्याबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात देशभर एकाच दिवशी होणाऱ्या चाचणीसाठी आमच्या गावच्या शाळेतली तिसरी निवडली गेली. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हे तिथल्या मुख्याध्यापक सरांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "बाई, तुमी निवांत आहात. लेकरांना उत्तराचे गोल काळे करायची सवय लावून द्या."

मी वही आखली. तीन रकाने केले: येतं, थोडं येतं, अजून येत नाही. कोणाकडे जास्त बसायचं ते मला कळावं, एवढाच हेतू. तिसऱ्या रकान्यात चार नावं होती. त्यातली एक मेंढपाळाच्या घरची मुलगी. तिचे आईवडील दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन लांब जातात. दरवर्षी तीही जायची आणि शाळा बुडायची. यंदा तिला शाळेसाठी पहिल्यांदाच आजीजवळ ठेवलं होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी सरांनी वही मागितली. मी कौतुकाने दिली. त्यांनी तिसरा रकाना पाहिला आणि म्हणाले, "बराबर काम केलं बाई."

सकाळी शाळेकडे निघाले, तर वाटेत ती मुलगी तिच्या घराच्या दारात बसलेली. वेण्या घातलेल्या, हातात दोन्ही टोकांनी तासलेली पेन्सिल.

"शाळेत नाही गेलीस?"

"सर म्हणले, आज घरीच ऱ्हाय."

तिची आजी दावणीला शेळी बांधत होती. तिने मान वर केली. "तुमच्याच वहीत नाव हाय म्हणं तिचं. लेकरू शाळंसाठी मायबापाला सोडून ऱ्हायलं. मग परीक्षेच्याच दिवशी काहून घरी बसवता, बाई?"

मी मुलीचा हात धरला आणि चालू लागले.

सर फाटकातच उभे होते. मुलीला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "बाई, तिला वाचताबी येत न्हाई नीट."

"तेच तर बघायला आलेत ना ते लोक?"

"निकाल जिल्ह्याचा लागतो, पण बोलणी आम्हाला खावी लागतात."

सरांच्या शेतात हळद पिकते. मी विचारलं, "सर, पोत्याच्या तोंडाशी चांगली हळकुंडं लावली, तर व्यापारी काय करतो?"

ते नाइलाजाने हसले. "लोखंडी नळी पार तळापर्यंत खुपसतो. पण तो भाव पाडतो ना, तवा तुमी तिथं नसता, बाई."

खरं होतं ते. मी म्हटलं, "या वेळी असेन. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, वही माझीच आहे."

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी मुलीला आत घेतलं. मग सरांनी स्वतःच मोटारसायकल काढली आणि बाकीच्या तिघांच्या घरी गेले. एक मुलगा सापडला. दोघं आयांबरोबर कापूस वेचायला गेली होती, लांबच्या शेतात. त्या दोन रिकाम्या जागा माझ्या वहीमुळे रिकाम्या राहिल्या. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगते आहे.

चाचणी सुटल्यावर ती मुलगी माझ्याकडे पळत आली. "आज्जी, पाच तसेच सोडले."

"अगं, येत नसलं तरी एक गोल काळा करायचा, असं सांगितलं होतं ना?"

"मला येतच नव्हते. उगं कशाला करू?"

ठोकून द्यायला मीच शिकवलं होतं, सगळ्यांना, अगदी मन लावून. मी विचारलं, "कोणते होते ते पाच?"

"घड्याळाचे." तिच्या घरी घड्याळ नाही. वेळ बघायची असली की आजीच्या मोबाइलवर आकडे दिसतात.

त्या संध्याकाळी मी आपलं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, काच काढली आणि जमिनीपासून हातभर उंचीवर टांगलं. ती येते, तशी ती कापसाच्या शेतात गेलेली दोघंही येतात, आणि काटे फिरवत बसतात. पावणेपाचवर अजून भांडणं होतात. आपल्या घरात आता बरोबर वेळ कळत नाही. तुमच्या आजोबांना हे चाललं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पहिले आठ दिवस झोप नीट लागली नाही.

रविवारी फोन कराल तेव्हा हिरवं राहू द्या. त्या लाल चौकोनात काय होतं, ते आधी सांगा.